जेवणापूर्वीचे चार घास

पत्र: "माझी मुलगी मिलानमध्ये २ वर्षे शिकून गेल्या महिन्यात ठाण्याला परत आली. तिच्यासाठी येत्या शनिवारी संध्याकाळी घरी १४ जणांना बोलावले आहे. जेवण बाहेरून मागवणार आहे. पण त्याआधीचे इटालियन पद्धतीचे पदार्थ मला स्वतःच्या हातांनी करायचे आहेत. मी केलेली यादी अशी: चीज गार्लिक ब्रेड, छोटे पिझ्झे, वाट्यांमधून व्हाइट सॉस पास्ता, भरलेले मश्रूम, चीज बॉल्स, ब्रुशेटा, पार्मेजान घातलेले सॅलड आणि नाचोज. घरात गॅस आणि एक लहान ओटीजी आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या असून कडक शाकाहारी आहेत, शेजारचे कुटुंब जैन आहे. शुक्रवारी मला रजा नाही. हे सगळे जमेल का? आणि ते दिसायलाही नेटके व्हावे, यासाठी काय करू?"
— एक वाचक, ठाणे

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

लेकीसाठी स्वतःच्या हातांनी काही करावे, ही तुमची इच्छा पत्राच्या ओळीओळीतून जाणवली, आणि म्हणूनच सुरुवातीलाच स्पष्ट सांगते: ती यादी बाजूला ठेवा. त्यातले निदान पाच पदार्थ ऐनवेळी गरम करून वाढायचे आहेत, लहान ओटीजीत एका वेळी मोजकेच तुकडे मावतात, आणि २ वर्षांनी घरी आलेली मुलगी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांमध्ये बसलेली असताना तुम्ही सगळी संध्याकाळ ओट्यापाशी उभ्या राहाल. तसे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

इटालियन लोक या पदार्थांना 'अँटिपास्तो' म्हणतात. 'पास्तो' म्हणजे जेवण, आणि त्याच्या आधी येतो तो अँटिपास्तो. त्याचे काम भूक चाळवण्याचे आहे, भागवण्याचे नाही. म्हणून तो आंबट, खारट, किंचित कडवट, ताजा असतो आणि प्रमाणात थोडा असतो. व्हाइट सॉस पास्ता आणि चीज बॉल्स खाल्ल्यावर पाहुण्यांना पुढच्या जेवणाची वासना उरणार नाही. शिवाय इटलीत पास्ता हा अँटिपास्तोनंतर येणारा जेवणातला स्वतंत्र टप्पा असतो, तो आधी वाट्यांतून फिरवत नाहीत. नाचोज तर मेक्सिकोकडचे. मुलगी तिथे राहून आली आहे, तेव्हा तिला तिथली आठवण व्हावी असे काही करायचे असेल, तर चारच पदार्थ करा: टोमॅटोचा ब्रुस्केत्ता, काप्रेझे, कापोनाता आणि पानेल्ले. यांतले दोन थंड किंवा खोलीच्या तापमानाला वाढायचे, एक आदल्या दिवशीच करून ठेवायचा आणि ऐनवेळी तळायचा फक्त एकच. जोडीला वाटीभर ऑलिव्ह ठेवलीत की पुरे.

पहिला ब्रुस्केत्ता. आपल्याकडे 'ब्रुशेटा' असा उच्चार रूढ झाला आहे, पण मुलीला विचारून पाहा, ती 'ब्रुस्केत्ता' असेच म्हणेल. रोमकडच्या बोलीतल्या निखाऱ्यावर भाजणे या अर्थाच्या क्रियापदावरून हा शब्द आला, आणि मूळ पदार्थ म्हणजे भाजलेला पाव, त्यावर चोळलेली लसूण, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढाच. टोमॅटो ही त्यावरची पुढची भर आहे. हे लक्षात ठेवले की कळते, की या पदार्थात पाव हाच मुख्य आहे. लादीपाव किंवा स्लाइस ब्रेड इथे चालणार नाही, कारण तो मऊ असतो आणि टोमॅटोचा रस लागताच बसतो. बेकरीतला बगेत, म्हणजे लांबट, कडक कवचाचा फ्रेंच पाव, किंवा सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा पाव, आणा. तो मिळाला नाही तर इराणी बेकरीतला ब्रून पाव आणा. त्याचे कडक कवच या कामाला फार चांगले. गोव्याकडून कोणी येणार असेल तर तिथले उंडेही चालतील. बोटभर जाडीच्या तिरक्या चकत्या कापा. प्रत्येकी दोन धरल्या तर २८ चकत्या लागतील आणि त्यासाठी दोन बगेत पुरतील.

चकत्या लोखंडी तव्यावर, तेल न लावता, दोन्ही बाजूंनी भाजा. कडा तांबूस व्हाव्यात आणि एखाद्या ठिकाणी काळसर डागही पडावा, त्याला घाबरू नका. आता लसणीची एक सोललेली पाकळी घेऊन भाजलेल्या चकतीवर नुसती फिरवा. भाजलेल्या पावाचा खरखरीत पृष्ठभाग किसणीसारखे काम करतो. दोन-तीनदा हात फिरवला की पाकळी डोळ्यांदेखत झिजते आणि तिचा रस पावात उतरतो. वाटलेली लसूण लोण्यात कालवून लावण्यापेक्षा ही चव कितीतरी हलकी आणि स्वच्छ असते. त्यावर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाची धार सोडा. तेल घेताना बाटलीवरचे शब्द नीट वाचा: 'पोमेस' किंवा 'लाइट' असे लिहिलेले तेल स्वयंपाकाला ठीक असते, पण वरून कच्चे घालायला एक्स्ट्रा व्हर्जिनच हवे, कारण इथे तेल हीच एक चव आहे.

टोमॅटो एक किलो आणा, पिकलेले पण घट्ट. बिया आणि मधला पाणीदार भाग काढून बारीक चौकोनी फोडी करा, मीठ लावा आणि चाळणीत १५-२० मिनिटे निथळत ठेवा. खाली साठणारे पाणी टाकू नका, रविवारच्या साराला ते उपयोगी पडेल. फोडींत थोडे ऑलिव्ह तेल आणि हाताने तोडलेली बेझिलची पाने घाला, आणि पाहुणे समोर बसल्यावरच त्या पावावर घाला. हा 'च' मी अनुभवातून लिहिते आहे. कितीतरी वर्षांपूर्वी मी वेळ वाचवण्यासाठी अर्धा तास आधीच सगळ्या चकत्या भरून, ताटात सुरेख मांडून ठेवल्या होत्या. पहिल्या पाहुण्याने एक उचलली आणि ती मधोमध वाकून टोमॅटो त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. त्यांनी हसून विषय टाळला, पण मला ती संध्याकाळ अजून विसरता येत नाही. त्यापेक्षा भाजलेल्या चकत्या एका ताटात, टोमॅटो एका वाडग्यात आणि मध्ये चमचा असे ठेवा आणि ज्याचे त्याला घेऊ द्या. इटलीतल्या घरांतही असे चालते.

बेझिलबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण इथे बरीच जणे चुकतात. बेझिलऐवजी अंगणातली तुळस घालू नये. ती पूजेची, हे एक कारण आहेच. पण तिची चवही वेगळी, लवंगेसारखी तिखट असते आणि टोमॅटोबरोबर जुळत नाही. आपल्या ओळखीची जवळची वनस्पती शोधायची तर ती सब्जा होय. फालुद्यात घालतो ते सब्ज्याचे बी बेझिलच्याच जातीचे असते. पाने शनिवारी सकाळी आणा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्याने ती काळी पडतात. कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवतो तशी देठे पाण्यात बुडवून ओट्यावर ठेवा. सुरीने चिरल्यावरही कडा काळवंडतात, म्हणून हातानेच तोडा.

दुसरा पदार्थ काप्रेझे. नेपल्ससमोरच्या काप्री बेटावरून त्याचे नाव पडले आहे. टोमॅटो, ताजे मोझारेला, बेझिल, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांपलीकडे त्यात काही नसते, आणि लाल, पांढरा, हिरवा हे इटलीच्या झेंड्याचे तीन रंग ताटात आपोआप येतात. त्या भागातले नामांकित मोझारेला म्हशीच्या दुधाचे असते, हे वाचून आपल्याकडच्या वाचकांना आपुलकी वाटेल. तुम्ही पाण्यात ठेवलेले, पांढरेशुभ्र, मऊ गोळे आणा. पिझ्झासाठी मिळणारी पिवळसर, घट्ट वडी इथे मुळीच नको. ती वितळण्यासाठी बनवलेली असते आणि कच्ची खाताना रबरासारखी लागते. १४ जणांना १२५ ग्रॅमचे चार गोळे पुरतील. वाढण्याच्या अर्धा तास आधी फ्रिजमधून बाहेर काढा, कारण गार चीजला चवच लागत नाही. चकत्या कापून, स्वच्छ फडक्यावर टिपून, टोमॅटोच्या चकत्यांशी एकाआड एक अशा एका मोठ्या पांढऱ्या ताटात गोल मांडा. मीठ आणि तेल अगदी शेवटी घाला. बाल्सामिक या काळ्या, गोडसर व्हिनेगरच्या रेघा ओढण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मला ती आवडत नाही. मूळ पदार्थात बाल्सामिक नाही आणि त्याच्या गोडव्याखाली दुधाची कोवळी चव झाकली जाते. सासूबाईंना हा पदार्थ चावायला सोपा जाईल. ब्रुस्केत्ताचा कडक पाव मात्र त्यांना आग्रहाने देऊ नका.

कापोनाता हा सिसिली बेटावरचा वांग्याचा पदार्थ, आणि तुमच्या घरच्या ज्येष्ठ पाहुण्यांना चौघांतला बहुधा हाच सर्वांत जवळचा वाटेल. वांगे सिसिलीत पोचले ते अरबांबरोबर. तिथल्या लोकांनी त्याला व्हिनेगर आणि साखरेची आंबटगोड चव दिली, जिला ते 'अग्रोदोल्चे' म्हणतात. आपल्या चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला ती चव समजावून सांगावी लागत नाही. भरताची दोन मोठी वांगी, म्हणजे साधारण एक किलो, घ्या. पेराएवढ्या फोडी करून मीठ लावून अर्धा तास ठेवा, पिळून कोरड्या करा आणि सोनेरी तळून घ्या. दुसऱ्या कढईत ऑलिव्ह तेलावर एक मोठा कांदा आणि सेलरीचे दोन दांडे परता, तीन टोमॅटो घालून शिजवा, मग मूठभर बिया काढलेली हिरवी ऑलिव्ह, चमचाभर धुतलेले केपर्स (बाटलीत मिळणाऱ्या खारवलेल्या लहान कळ्या), दोन मोठे चमचे वाइन व्हिनेगर आणि एक मोठा चमचा साखर घाला. वाइन व्हिनेगर नसेल तर सफरचंदाचे चालेल. वांग्याच्या फोडी घालून पाच मिनिटे मंद आचेवर ठेवा आणि उतरवा. सेलरी गाळू नका, तिचा करकरीतपणा वांग्याच्या मऊपणाला लागतोच. चिंच, गोडा मसाला किंवा हिरवी मिरची घालण्याचा मोह होईल. तो आवरा, नाहीतर एक चांगली वांग्याची भाजी होईल, पण कापोनाता होणार नाही.

या पदार्थाचा मोठा गुण असा, की तो दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. तुम्हाला शुक्रवारी रजा नाही, म्हणून तो शुक्रवारी रात्री, स्वयंपाक आवरल्यावर करा. पाऊण तासाचे काम आहे. शनिवारी तासभर आधी फ्रिजमधून काढून ठेवा आणि उरलेल्या भाजलेल्या पावाबरोबर, गरम न करता वाढा.

आता पानेल्ले, म्हणजे या चौघांतला माझा सर्वांत आवडता पदार्थ. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात रस्त्यावर कढया मांडून हे तळतात आणि तीळ लावलेल्या पावात घालून लोक उभ्याउभ्या खातात. साहित्य काय, तर चण्याचे पीठ, पाणी, मीठ, मिरपूड आणि पार्सली. पीठ पाण्यात कालवून, शिजवून, थापून, थंड करून, वड्या पाडून तळायचे. ताई, ही रीत तुमच्या हातात आधीपासून आहे, कारण पाटवडीही अशीच होते. इटलीतले पीठ काबुली चण्याच्या जवळच्या मोठ्या चण्याचे असते, आपले बेसन हरभऱ्याच्या डाळीचे. चवीत थोडा फरक पडतो, तो पडू द्या. बारीक बेसन मात्र घ्या, लाडवाचे रवाळ नको.

प्रमाण वजनाने एकास तीन असे आहे: २०० ग्रॅम बेसनाला ६०० मिलिलिटर पाणी. बेसन चाळून त्यात गार पाणी थोडे थोडे घालत गुठळ्या मोडा, मीठ आणि ताजी मिरपूड घाला आणि जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर सतत ढवळत राहा. पहिली काही मिनिटे काहीच होत नाही असे वाटते, मग अचानक तळाशी घट्टपणा येतो आणि तो वर चढत जातो. या वेळी हात थांबवू नका. १५-२० मिनिटांत गोळा कढईच्या कडा सोडू लागतो, कच्च्या बेसनाचा वास जातो आणि डाव उभा राहतो. बारीक चिरलेली पार्सली मिसळून लगेच तेल लावलेल्या ताटांत अर्ध्या सेंटिमीटरच्या जाडीचा थर पसरा. पाच मिनिटे उशीर झाला तरी तो पसरत नाही, हे पाटवडी करणाऱ्यांना सांगायला नको. पार्सली मिळाली नाही तर नुसती मिरपूड ठेवा. कोथिंबीर, हळद, हिंग, फोडणी यांतले काहीही घालू नका. हा पदार्थ आपल्याला इतका ओळखीचा वाटतो, की हात सवयीने मोहरीच्या डब्याकडे जातो. पण पानेल्लेची गंमत हीच, की त्यात चण्याच्या पिठाची नुसती, उघडी चव कळते.

हे ताट शुक्रवारी रात्रीच झाकून फ्रिजमध्ये ठेवता येते. शनिवारी चौकोनी किंवा शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा, साधारण ५० होतील. कागदावर टिपून कोरडे करा, नाहीतर तेल उडते, आणि पाहुणे आल्यावर शेंगदाण्याच्या तेलात, एका वेळी सहा-सात, बदामी रंगावर तळा. वरून मीठ आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आत खरवसासारखे मऊ असे ते होतात. सासूबाईंना तळल्यावर पहिला तुकडा द्या.

जैन शेजाऱ्यांसाठी लसूण-कांदा नसलेले पानेल्ले आणि काप्रेझे हे दोन पदार्थ योग्य ठरतील; कापोनातात कांदा आहे आणि पुष्कळ जैन घरांत वांगेही वर्ज्य असते, म्हणून तो त्यांच्यापुढे करू नका. एक विनंती अशी, की त्यांना आजच नम्रपणे विचारून घ्या: ते सूर्यास्तानंतर खात नसतील, तर त्यांना थोडे लवकर बोलवा आणि पानेल्लेची पहिली घाणी त्यांच्यासाठी काढा. त्यासाठी तेल आणि कढई स्वतंत्र ठेवा, कापोनाताच्या वांग्यांची नको.

तुमच्या यादीतल्या पार्मेजानविषयी सावध करणे मला भाग आहे. इटलीतले अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. तसा तिथला नियमच आहे. ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो यांतही प्राण्यांचेच रेनेट असते. कडक शाकाहारी व्यक्तीच्या ताटात ते नकळत जाणे बरे नव्हे. शाकाहारी रेनेटची कडक चीज बाजारात मिळतात, पण या चार पदार्थांना त्यांची गरजच पडत नाही. मोझारेला घेतानाही वेष्टनावरची हिरवी खूण पाहून घ्या.

मांडणीबद्दल तुम्ही विचारले आहे. नेटकेपणा बहुतेक वेळा काय काढून टाकले यावर ठरतो. मध्ये घडी घातलेले पांढरे कापड, मोठी साधी ताटे, प्रत्येक ताटात एकच पदार्थ आणि ताटाची कड मोकळी. गाजराची फुले, काकडीचे पंखे, टोमॅटोसॉसची नक्षी यांपैकी काही नको. कापोनाता खोलगट मातीच्या भांड्यात शोभून दिसतो. ऑलिव्ह ठेवलीत तर शेजारी बियांसाठी रिकामी वाटी ठेवायला विसरू नका. ती नसली की पाहुण्यांची फार कुचंबणा होते. लहान बशा आणि कागदी रुमाल माणसांच्या दुपटीने ठेवा, कारण हे सगळे हाताने खायचे पदार्थ आहेत.

पेयाचे तुम्ही विचारलेले नाही, तरीही सांगते. मिलानमध्ये संध्याकाळी जेवणाआधी काही कडवट, गार पेय आणि बरोबर थोडे खारे खाण्याची पद्धत आहे, तिला 'अपेरितीव्हो' म्हणतात. मुलीला ती नक्की परिचयाची असेल. ज्या घरात मद्य चालत नाही, तिथे कोकमाचे आगळ सोड्यात घालून, साखर अगदी बेताची ठेवून द्या. भूक उघडण्याचे काम ते चोख करते आणि तळलेल्या पानेल्लेबरोबर अप्रतिम लागते.

शनिवारचा दिवस असा धरा: सकाळी पाव, बेझिल आणि टोमॅटो आणा. पाहुणे ७ वाजता येणार असतील तर ५ वाजता टेबल मांडून ठेवा आणि पानेल्ले कापा. ६ वाजता कापोनाता बाहेर काढा आणि पाव भाजा. भाजलेला पाव उघडाच ठेवा, झाकलात तर वाफेने मऊ पडेल. साडेसहाला मोझारेला बाहेर काढा, टोमॅटोला मीठ लावा आणि कपडे बदलायला जा. पाहुणे स्थिरावले की तळणीला १५ मिनिटे लागतील. लसूण चोळण्याचे काम मुलीकडे द्या. ती पाहुण्यांसमोरच, टेबलाशी उभी राहून ते करील, मिलानच्या गोष्टी सांगेल, आणि तुम्ही पानेल्लेचे शेवटचे ताट घेऊन बाहेर आलात की तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसा.